तारापूर, बोईसरची बहीण आणि आयोडीनच्या गोळ्या

प्रश्न बाणेरच्या एका गृहस्थांचा आहे. घरात अंथरुणाला खिळलेली आई, तीही ऑक्सिजन काँसंट्रेटरवर. मुलगी पाच वर्षांची. सख्खी बहीण बोईसरला दिलेली. अणुभट्टीच्या अपघातावरची एक मालिका पाहून त्यांची झोप उडाली आहे आणि त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत: तारापूरच्या अणुवीज केंद्रात काही झालं तर पुणं सोडावं लागेल का, आयोडीनच्या गोळ्या आत्ताच आणून ठेवाव्यात का, बहिणीला काय सांगावं, आणि ऑनलाइन मिळणारं रेडिएशन मीटर घ्यावं का.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी विकिरण सुरक्षा अधिकारी, आमच्या बोलीत आरएसओ. आधी भोसरी-चाकणकडे वेल्डिंगचे जोड तपासणाऱ्या रेडिओग्राफीत होतो, नंतर हॉस्पिटलांत. आपत्ती सरावांना निरीक्षक म्हणूनही जातो. अणुवीज केंद्रात नोकरी केलेली नाही, त्यामुळे भट्टीच्या पोटातलं माझं ज्ञान पुस्तकी आहे. पण कुंपणाबाहेरच्या माणसांचं काय होतं, यावर थोडं हक्कानं बोलू शकतो.

तुमच्या प्रश्नात दोन अगदी वेगळी घरं एकत्र झाली आहेत, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तारापूर पुण्यापासून सरळ रेषेत साधारण १९० किलोमीटर आहे. बोईसर तारापूरच्या केंद्रापासून दहा-बारा. आपल्याकडे अणुवीज केंद्राभोवती पहिला एक-दीड किलोमीटर वस्ती नसते, पाच किलोमीटरपर्यंत वस्तीची फक्त नैसर्गिक वाढ होऊ देतात, आणि सोळा किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजनाचं क्षेत्र धरतात. म्हणजे तुमची बहीण त्या क्षेत्रात येते आणि तुम्ही त्याच्या बाहेर, तेही बरेच बाहेर. तिच्यासाठी प्रश्न काही तासांचा आहे. घरात थांबायचं की निघायचं, हा. तुमच्यासाठी तो काही आठवड्यांचा आहे, आणि तो दुधाचा, भाजीचा आणि अफवांचा आहे. ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळली की बाणेरचा माणूस बोईसरच्या माणसासारखा वागायला लागतो आणि नको तिथे नको ते करून बसतो.

हा तासांचा हिशोब येतो कुठून, ते सांगतो. अणुभट्टी बॉम्बसारखी फुटत नाही. भट्टी बंद केली तरी इंधनातली उष्णता थांबत नाही, ही खरी अडचण. बंद केल्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते, आणि दुसऱ्या दिवशीही जवळपास अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या भट्टीत एकूण उष्णता १७०० मेगावॉटच्या घरात असते, म्हणजे अर्धा टक्काही आठ मेगावॉटच्या वर गेला. तेवढी उष्णता पाण्यानं सतत वाहून न्यावीच लागते, आणि त्यासाठी पंप आणि वीज लागते.

जपानमधल्या फुकुशिमाला ११ मार्च २०११ च्या भूकंपात चालू भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. बुडाले ते डिझेल जनरेटर, नंतर आलेल्या लाटेत. पहिल्या भट्टीचं इंधन त्याच संध्याकाळी वितळू लागलं आणि हायड्रोजनचा स्फोट दुसऱ्या दिवशी दुपारी झाला. आपल्याकडे ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली आणि केंद्र सतरा तास विजेविना होतं. तिथल्या लोकांनी बॅटऱ्या हातात घेऊन, वर चढून, अणुक्रिया थांबवणारं बोरॉनचं द्रावण हातानं सोडलं. बाहेर किरणोत्सर्ग गेला नाही. चेर्नोबिल वेगळं. तिथे भट्टीच क्षणार्धात बेकाबू झाली, आणि आपल्या भट्ट्या त्या जातीच्या नाहीत. पण तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या आहेत, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीहूनही जुन्या आणि त्याच अमेरिकी कंपनीच्या बनावटीच्या, हेही लपवण्यात अर्थ नाही. वीज किती वेळ गेली, भट्टीभोवतीचं आवरण किती टिकलं, वाफ कधी सोडावी लागली, यावर बाहेर काय येणार ते ठरतं. बहुतेक वेळा मधे काही तास मिळतात. नियोजन म्हणतात ते या तासांचं.

ते तास वाया कसे जातात, हे फुकुशिमात दिसलं. पहिल्या रात्री नऊच्या सुमाराला दोन किलोमीटर, मग अर्ध्या तासात तीन, पहाटे दहा, दुसऱ्या संध्याकाळी वीस, अशी वर्तुळं वाढत गेली. दर वेळी लोकांना वाटलं, आता झालं. नामिए गावचे पुष्कळ लोक त्सुशिमा नावाच्या वस्तीत जाऊन थांबले. नेमका त्याच दिशेला, वायव्येकडे, किरणोत्सारी ढग गेला. वारा कुठे नेईल याचा अंदाज देणारी संगणक प्रणाली सरकारजवळ होती. तिची माहिती त्या लोकांपर्यंत वेळेवर पोचली नाही. इताते गाव वीस किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर होतं, पण पावसा-बर्फानं ढग तिथे खाली उतरला आणि गाव रिकामं करण्याचा आदेश निघायला एप्रिल उजाडला. म्हणून सराव घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: वाऱ्याची माहिती कोणाच्या टेबलावर येते, आणि तो माणूस ती कोणाला फोन करून सांगतो? बरेचदा पहिल्या भागाचं उत्तर पटकन मिळतं आणि दुसऱ्यावर सगळे एकमेकांकडे बघतात.

आता तुमच्या आईचं. हा भाग नीट वाचा. फुकुशिमाच्या केंद्रापासून पाचएक किलोमीटरवर एक हॉस्पिटल होतं. अंथरुणावरच्या रुग्णांना साध्या बसच्या सीटवर बसवून हलवलं. सरळ रस्ता टाळायचा म्हणून लांबचा वळसा, दहा तासांच्या आसपास प्रवास, पोचले ते एका शाळेच्या जिममध्ये, जिथे त्यांच्यासाठी काहीही सोय नव्हती. त्या स्थलांतरात आणि लगेच नंतर पन्नासच्या आसपास रुग्ण दगावले. किरणोत्सर्गानं एकही नाही. शेजारच्या शहरातल्या वृद्धाश्रमांचा नंतर अभ्यास झाला, तेव्हा हलवलेल्या वृद्धांचं मृत्यूचं प्रमाण आधीच्या अडीच पटींहून जास्त निघालं. पूर्ण फुकुशिमा प्रांतात पळापळ, छावण्या, औषधं तुटणं यांमुळे गेलेल्यांची अधिकृत नोंद २३०० च्या वर आहे.

म्हणून, तारापूरला कितीही मोठा अपघात झाला तरी, बाणेरहून आईला गाडीत घालून साताऱ्याकडे निघू नका. १९० किलोमीटरवर लगेच घर सोडण्याइतका किरणांचा डोस येईल, असं मला कुठल्याही हिशोबात दिसत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा निकष असा आहे की पहिल्या सात दिवसांत १०० मिलिसिव्हर्ट (हे डोस मोजायचं एकक) मिळण्याची शक्यता असेल तर घरात थांबवणं किंवा हलवणं हे उपाय योजायचे. तुलनेला सांगतो, पोटाच्या एका सीटी स्कॅनला आठ-दहा मिलिसिव्हर्ट मिळतात. आईला खरा धोका आहे तो सगळं शहर एकदम सातारा हायवेवर उतरलं, काँसंट्रेटरची वीज गेली आणि तुम्ही खंबाटकीच्या घाटात अडकलात, याचा. इन्व्हर्टर आणि एक भरलेला सिलिंडर घरात ठेवा. तो पावसाळ्यात वीज गेल्यावरही लागेलच.

पुण्याला मग काहीच होणार नाही का? असं मी म्हणणार नाही. तारापूर आपल्या वायव्येला आहे. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा असतो, तो ढग जव्हार-नाशिककडे नेईल. हिवाळ्यात बराच काळ ईशान्येचा, तो समुद्रावर. उन्हाळ्याच्या दुपारी मात्र पश्चिम-वायव्येचा वारा येतो आणि तो आपल्या दिशेचा आहे. मधे सह्याद्री आहे, पण सह्याद्रीला भिंत समजू नका. डोंगरावर पाऊस पडला तर हवेतलं सगळं तिथे खाली येतं, म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या भाजीवर, मावळातल्या गवतावर आणि धरणांच्या पाणलोटात. चेर्नोबिलनंतर इंग्लंड-वेल्सच्या डोंगराळ भागातल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंधनं आली, दोन हजार किलोमीटरपेक्षा लांब, कारण तिथे नेमका त्या दिवसांत पाऊस झाला होता. शेवटची बंधनं उठली २०१२ मध्ये. अंतरामुळे डोस उतरतो हे खरं, पण पाऊस कुठे पडतो यानं तो एखाद्या ठिकाणी साचतो.

आणि लहान मुलीसाठी यातली सगळ्यात महत्त्वाची वाट दुधाची. किरणोत्सारी आयोडीन गवतावर बसतं, गाय दिवसभर चरते, ते दुधात उतरतं, मूल दूध पितं, आणि मुलाची थायरॉइड ग्रंथी लहान असल्यानं तेवढ्याच आयोडीनचा तिला मोठा डोस बसतो. चेर्नोबिलच्या आसपासच्या मुलांना झालेल्या थायरॉइड कॅन्सरचं मोठं कारण दूषित दूध हेच होतं. ते दूध वेळेत बंद केलं असतं तर त्यातले पुष्कळ टळले असते. उपाय साधा आहे आणि आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायची गरज नाही: जनावरं गोठ्यात बांधायची, झाकून ठेवलेला कडबा घालायचा, उघड्यावरचं हिरवं बंद. हाती आलेलं दूध ओतून द्यायचीही गरज नसते, भुकटी करून ठेवता येते. या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे ऐंशी दिवसांत ते हजारावा हिस्सा उरतं. सीझियमचं तसं नाही, त्याला तीस वर्षं लागतात निम्मं व्हायला. ती लढाई जमिनीची आणि लांबची. तुमच्या घरापुरतं: दूध-भाजीबद्दल सूचना आली तर ती पाळा, ती उठेपर्यंत मुलीला दुधाच्या भुकटीवर ठेवा. एवढं पुरतं.

गोळ्यांचं तुम्ही फार खोदून विचारलं आहे. पोटॅशियम आयोडाइडची गोळी, मोठ्यांना १३० मिलिग्रॅम, थायरॉइड आधीच साध्या आयोडीननं भरून टाकते, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा राहत नाही. बस, तिचं काम एवढंच. सीझियमवर ती काही करत नाही, बाहेरून येणाऱ्या किरणांवर काही करत नाही. वेळही नेमकी साधावी लागते: ढग यायच्या काही तास आधी ते आल्यानंतर दोनेक तासांपर्यंत. आठवडाभर आधीच घेऊन बसलात तर फुकट. चाळिशीपुढच्या माणसाला फायदा कमी आणि थायरॉइडचा आजार असेल तर त्रास जास्त, त्यामुळे तुमच्या आईला तर देऊच नका. चेर्नोबिलच्या वेळी पोलंडनं एक कोटीहून जास्त मुलांना आयोडीन दिलं, आणि ते बरोबर होतं, पण तो निर्णय सरकारनं मोजमाप पाहून घेतला होता. पुण्यात गोळ्या साठवून ठेवायचं कारण मला दिसत नाही.

मिठाचं काय, म्हणून कोणीतरी विचारणारच. फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानं रिकामी केली. हिशोब करून पाहा. त्या एका गोळीत साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि आपल्या घरातल्या मिठात किलोला १५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका बैठकीत सहा-सात किलो मीठ खावं लागेल. आणि बेटाडीन गळ्याला लावा, असा बीबीसीच्या नावानं खोटा मेसेजही त्याच वेळी आशियात फिरला होता. लावूनही उपयोग नाही, आणि प्यायलात तर विषबाधा.

बोईसरच्या बहिणीकडे येतो. तिला अणुभट्टीइतकीच, मी तर म्हणेन जास्त, तयारी तारापूर एमआयडीसीच्या रसायनांसाठी करायला सांगा. तिथे आगी आणि वायुगळतीचे प्रकार वरचेवर होत आले आहेत आणि त्यात माणसं गेली आहेत. गंमत म्हणजे दोन्हींची पहिली पायरी एकच: आत या, दारं-खिडक्या लावा, पंखा-एसी-एक्झॉस्ट बंद, फटींना ओले कपडे, फोन मोकळा. फरक पुढे पडतो. क्लोरीनसारखा हवेपेक्षा जड वायू असेल तर वरच्या मजल्यावर जायचं, कारण तो खाली साचतो. किरणोत्सर्ग असेल तर इमारतीच्या मधल्या मजल्यावर, मधल्या खोलीत, कारण किरणोत्सारी धूळ गच्चीवर आणि जमिनीवर बसते आणि तिथून किरणं येतात. सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत हा आडोसा फार मोठा असतो. पत्र्याच्या घरात जवळजवळ नाहीच. बहीण चाळीत किंवा पत्र्याखाली राहत असेल तर जवळची पक्की इमारत कुठली हे तिनं आत्ताच ठरवून ठेवावं. बाहेरून येणाऱ्यानं वरचे कपडे दाराशीच काढून पिशवीत बांधायचे आणि अंघोळ करायची. अंगावरचा बराचसा कचरा कपड्यांबरोबरच जातो.

निघायचं की नाही, हे ती ठरवणार नाही. केंद्राचे अधिकारी सल्ला देतात, पण कुंपणाबाहेरच्या आपत्तीची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, तिच्या बाबतीत पालघरच्या. अशा आराखड्याचा सराव दोन वर्षांतून एकदा व्हायचा असतो. तिनं ग्रामपंचायतीत किंवा तहसीलमध्ये जाऊन विचारावं की आमच्या वस्तीचं जमण्याचं ठिकाण कोणतं, बस कुठे लागणार, आयोडीनच्या गोळ्या कोण वाटणार, आणि मुलांची शाळा कुठे नेणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. आपल्याकडे भोंगा वाजला की आईबाप शाळेकडे धावणार, आणि बोईसरहून हायवेला निघणारा चिल्हारचा रस्ता काही आठपदरी नाही.

एका जिल्ह्यातल्या सरावात मी पाहिलेलं सांगतो. गाव रिकामं करायला एसटीच्या गाड्या मागवल्या होत्या. गाड्या वेळेवर आल्या, कागदावर सगळं छान. एक चालक खाली उतरला आणि सरावाच्या प्रमुखांना म्हणाला, "साहेब, तुमच्या माणसांच्या खिशाला ते पेनासारखं लावलंय, ते मला मिळणार का? आणि मी आत गेल्यावर माझ्या पोरांना कोण आणणार?" ते पेनासारखं म्हणजे अंगाला किती डोस लागला ते मोजणारं खिशातलं डोसीमीटर. ते वाटायच्या यादीत डॉक्टर होते, पोलीस होते, अग्निशमनवाले होते. एसटीचा चालक नव्हता. खऱ्या प्रसंगी तो माणूस गाडी आत नेणार की नाही यावर पूर्ण आराखडा टांगलेला, आणि त्याला कोणी बोलावून विचारलंच नव्हतं. त्या दिवशी सरावाच्या अहवालात तो मुद्दा मी सगळ्यात वर लिहिला. बहिणीला निघावं लागलंच तर तिनं औषधं आणि कागदपत्रं महिनाभराच्या हिशोबानं घ्यावीत. चेर्नोबिलशेजारच्या प्रिप्याचच्या लोकांना तीन दिवसांत परत येऊ असं वाटलं होतं.

सूचना कुठून येणार हेही बघून ठेवा. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन एकदम जोरात वाजले होते ना, चाचणीचा संदेश म्हणून? ती यंत्रणा अशाच वेळेसाठी आहे. त्या संदेशावर आणि आकाशवाणीवर विश्वास ठेवा, सोसायटीच्या ग्रुपवर नको.

राहिलं मीटर. घेऊ नका. स्वस्तातलं यंत्र ग्रॅनाइटच्या किचन ओट्यावर ठेवलंत तरी आकडा थोडा वर सरकवेल, विमानात तर कित्येक पटींनी, आणि तुम्ही रात्रभर जागे. मोजणं म्हणजे मीटर कॅलिब्रेट केलेलं, म्हणजे प्रमाणाशी ताडून घेतलेलं हवं, आणि रोजचा आकडा माहीत हवा. मी रेडिओग्राफीत असताना जोडावर किरणं टाकून झाली की मीटर हातात धरूनच कॅमेऱ्याकडे चालत जात असे, त्यातला इरिडियमचा सोर्स, म्हणजे किरणं देणारा तुकडा, खरंच आत परतला का ते बघायला; पण त्या आवाजाचा अर्थ लावायला आधी त्याची सवय लागते.

पुण्यात किरणोत्सर्गाचा अपघात झालाच तर तो मला तारापूरचा नाही, अशा हरवलेल्या सोर्सचा होईल असं वाटतं. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत तेच झालं. विद्यापीठातलं जुनं उपकरण लिलावात भंगारवाल्याकडे गेलं, त्यातलं कोबाल्ट-६० कापून वेगळं झालं, एक जण दगावला आणि बाकीच्यांना भाजल्यासारख्या जखमा झाल्या. ब्राझीलमध्ये १९८७ ला गोयानियात सोडून दिलेल्या हॉस्पिटलातलं सीझियम असंच भंगारात गेलं, ते अंधारात निळं चमकतं म्हणून लोकांनी घरोघरी वाटलं, आणि चौघं मेले. भोसरी-पिंपरीच्या भंगार बाजारात रोज काय काय येतं हे तुम्ही पाहिलं असेल. तिथे कधी आकाराच्या मानानं फार जड अशी डबी किंवा सिलिंडर दिसला, त्यावर किरणोत्सर्गाची तीन पात्यांची खूण किंवा तिचा अर्धवट खरवडलेला ठसा असेल, तर उचलून बघू नका, फोटोसाठी जवळही जाऊ नका. लोकांना मागे घ्या, शक्य असेल तर मधे भिंत येईल असे उभे राहा, आणि ११२ लावून "किरणोत्सारी वस्तू असावी" हे शब्द वापरा. अशा कामाचं प्रशिक्षण असलेली एनडीआरएफची तुकडी आपल्याकडे सुदुंबऱ्यालाच आहे. आणि ती वस्तू आधी हाताळलेला कोणी असेल, भंगारवाल्याचा पोऱ्या असेल, तर त्याला तिथून जाऊ देऊ नका; त्याला नंतर उलट्या सुरू झाल्या तर साध्या दवाखान्यात ते जेवणाचं म्हणून सोडून देतील.